मागचं रबर

जिलानीच्या दुकानात दोरीला टांगलेली असायची
लाल, निळी, हिरवी.
एकावर चांदणी, एकावर मोर,
एकावर ‘फिर मिलेंगे’, त्यातला अनुस्वार उडालेला.
सगळी उलटीपालटी करून मी म्हणालो,
पुढचं एक दे. साधं, काळं.
पुढचं आपल्या पायांसाठी असतं,
चेनसाठी असतं.
‘और पिच्छे का?’
मागचं नको.
पान्यानं कान खाजवत तो म्हणाला,
‘सर, पिच्छे का अपने कू नई रहता,
पिच्छेवाले कू रहता.’
म्हणूनच नको,
हे मी बोललो नाही.

माझ्यामागं कऱ्हाळे असायचे.
वसमतहून चोंढीच्या रस्त्यानं अकरा किलोमीटर,
एकच शाळा, एकच घंटा,
आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत
दोन चाकोऱ्यांच्या मधली एकच वीतभर वाट,
जिथं सायकल चालते.
बाकी सगळी काळी माती.
चाक धरते, सोडत नाही,
मडगार्डात अशी गच्च बसते
की बाभळीच्या काडीनं कोरत बसावं
नाहीतर सायकल खांद्यावर घ्यावी.

ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव माझ्या वर गेलं
तेव्हापासून बोलणं बंद. चार वर्षं.
यादीत ते पुढं, रस्त्यावर मी.
त्यांच्या गुडघ्यात वात.
हजेरी घेताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर
माझ्या चाकानं उडवलेले ठिपके वाळत असायचे.
मी मोजायचो.
खोटं कशाला सांगू, मोजायचो.

एकदा दुसरीतलं एक पोरगं उठून म्हणालं,
गुर्जी, तुमच्या चष्म्याला चिखल लागलाय.
कऱ्हाळ्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
म्हणाले, ‘रस्त्याचा हाय.’
भिंतीपलीकडं मी चौथीला भागाकार शिकवत होतो.
बाकी चुकली.

रविवारी ओसरीवर बसलो.
आधी गोडेतेलाचा डबा कापला, तो खडखडला.
रेक्झिन वाऱ्यावर उडून बसायचं कॅरिअरवर.
शेवटी ट्रॅक्टरची फुटकी ट्यूब.
जुन्या हजेरीपटाचं पुठ्ठं कापून माप केलं,
वर अरुंद, खाली रुंद, बैलाच्या जिभेसारखं.
आखूड झालं तर चिखल खालून निसटतो,
लांब झालं तर सायकल मागं घेताना चाकाखाली येतं.
जमिनीपासून चार बोटं ठेवलं.
खिळा चुलीत तापवून दोन भोकं पाडली,
घरभर जळका वास.
बायको म्हणाली,
‘जिलानीकडं दोन रुपयाला भेटतंय की.’
भेटतं.
पण जिलानीला काय सांगणार होतो?

सोमवारी सदरा पांढरा.
मंगळवारी पांढरा.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
फक्त आधी ते बैलगाडीभर मागं राहायचे,
आता त्यांच्या चेनची किरकिर ऐकू यायला लागली,
चढावर दम लागलेलाही.

पोळ्यानंतर एक दिवस घरी येऊन पाहतो
तर मागचं रबर नाही.
नट ढिला झाला असणार, ओढ्यातल्या दगडांवर
कुठंतरी गळून पडलं.
दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाहेर आलो,
कडुनिंबाखाली माझी सायकल,
आणि मागं रबर, धुतलेलं,
नकाशे टांगायच्या तारेनं बांधलेलं.
तारेचा पीळ उलटा.
शाळेत डावखुरा एकच माणूस.

जिलानी परवा म्हणाला, नट डाल देतूं सर, जंग लग गया.
नको म्हणालो.
तारेचं टोक चाकाला घासतं थोडं,
अकरा किलोमीटर कुर्र कुर्र करतं.
मागं ऐकू जात असेल.